पाचशे रुपयांत जुन्या घराचा थाट

अगं, घराचा हप्ता नुकताच सुरू झालाय, शेगडी आणि पडदे यांतच हात रिकामा झालाय, आणि तरी तुला हॉल ‘विंटेज’ हवाय. हवाच. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. चार भिंती आपल्या झाल्या की त्या आपल्यासारख्या दिसाव्यात असं वाटणारच. फक्त मोबाइलवर मला दाखवलास तो सोनेरी महिरपीचा आरसा आणि ते मुद्दाम खरवडलेलं पांढरं टेबल, दोन्ही विकत घेऊ नकोस. जुनेपणा चढवलेल्या अशा स्वस्त-महाग वस्तूंच्या आत बहुतेक वेळा एमडीएफ, पुठ्ठा, पीओपी आणि दोन-तीन रंग असतात. तेच सामान घेऊन तू बस. तुझा हात चांगला आहे. मेंदी काढतेस, संस्कारभारतीची रांगोळी घालतेस. बाकीचं मी सांगते.

आधी आपण राहतो कुठे ते बघ. मानकोली नाका म्हणजे मुंबई-नाशिक महामार्गावरची गोदामांची वस्ती. इथून अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेरपर्यंत जिकडे बघशील तिकडे पत्र्याची शेड आणि माल उतरवणारे ट्रक. देशभरातला माल इथे खोक्यांतून येतो आणि खोक्यांतून जातो. मागे उरतात पुठ्ठे, सुतळी, गोणपाट, लाकडी पॅलेट. पलीकडे भिवंडी शहरात यंत्रमाग आहेत. तिथे चिंध्या, कापडाचे काठ, सुताचे रिकामे कोन, लाकडी कांड्या आणि जुने धोटे निघतात. कितीतरी माग भंगारात गेले, त्यांच्याबरोबर हे धोटेही गेले. हस्तकलेच्या दुकानात गोणपाटाचा हातभर तुकडा पारदर्शक पाकिटात घालून विकतात. तुझ्या नाक्यावरच्या भंगारवाल्याकडे अख्खी गोणी मिळते. त्या दादांना नीट विचार, दोन पैसे दे आणि घे. गोदामाबाहेर ठेवलेलं मात्र न विचारता उचलू नकोस, ते कुणीतरी आधीच किलोवर विकलेलं असतं.

पॅलेट घेताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघ. परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटच्या ठोकळ्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, शेजारी देशाची दोन अक्षरं आणि त्याखाली आणखी दोन. ती ‘एचटी’ असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं असतं, कीड मरावी म्हणून. ते घरात आणायला हरकत नाही. ‘एमबी’ असेल तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते लाकूड फुकट दिलं तरी नको. शिक्काच नसेल तर वास घेऊन बघ, डाग बघ. तेलकट किंवा रसायनाचा वास आला की तिथेच ठेव. आणि कुठलंही पॅलेट असो, त्याचा पोळपाट, ट्रे किंवा बाळाचा पाळणा करू नकोस. भिंतीवरची फळी, खुंट्यांची पट्टी, कुंडीखालचा पाट, एवढंच.

आता मुख्य गोष्ट. कुठल्या जुन्या घराची आठवण तुला भिंतीवर हवी आहे? सगळीकडे तयार चित्रं मिळतात ती आयफेल टॉवरची, इंग्रजी वळणदार अक्षरांची, लव्हेंडरच्या जुड्यांची. सुंदर असतात, नाही म्हणत नाही. पण तुझ्या घरात येणाऱ्या कुणालाही त्या टॉवरखाली उभं राहिल्याची आठवण नाही. आपल्या जुन्या घरांत काय होतं ते आठव. खिडकीत लोलक, ओटीवर झोपाळ्याच्या पितळी कड्या, खुंटीला कंदील, फडताळात चिनीमातीच्या बरण्या, रेडिओवर क्रोशाचा रुमाल, दारावर काचेच्या मण्यांचं तोरण, आणि देवघराच्या वर काचेच्या फ्रेममध्ये लक्ष्मी-सरस्वती. शेजारच्या अंजूरला नाईकांचा वाडा आहे, वसईच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत नाव कमावलेल्या गंगाजी नाईकांचं ते घराणं. गावातल्या अशा जुन्या वास्तूंच्या दाराच्या चौकटी एकदा नीट बघ. लाकडाचा रंग सगळीकडे सारखा नसतो. हात लागतो तिथे गुळगुळीत आणि काळपट, कोपऱ्यात धूळ बसून फिका. तो फरक डोळ्यात भरून घे, पुढे कामाला येईल.

आणि ही कला आपल्याकडे नवी नाही. आईच्या, आत्याच्या लग्नातलं रुखवत आठव. मोत्यांचा नारळ, लोकरीचं तोरण, क्रोशाचे रुमाल, रंगवलेल्या बाटल्या, आगपेटीच्या काड्यांचं घर. दुकानातलं स्वस्त सामान आणि पोरीची बोटं, एवढ्यावर अख्खं टेबल मांडलं जायचं. पाहुणे त्याच्यासमोर थांबून एकेक वस्तू बघायचे. त्याच हाताने आज हॉल सजवायचा आहे.

सुरुवात एका चित्रापासून कर. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या तैलरंगी छापांमुळे राजवाड्यातली लक्ष्मी साध्या घरातल्या भिंतीवर आली. गंमत पुढे आहे. घरोघरच्या बायकांनी त्या छापील चित्रांवर टिकल्या लावल्या, जर शिवली, साडीच्या जागी खरं कापड चिकटवलं. असे सजवलेले छाप आज संग्राहक जपून ठेवतात. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्या चित्रांवर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही. चांगली प्रत शोध, झेरॉक्सच्या दुकानात रंगीत लेझर छाप काढून घे. लेझरच हवा. घरच्या इंकजेट छापाची शाई पाणी लागलं की पसरते. मग आईच्या फाटलेल्या साडीच्या काठातली जर, टिकल्या, बारीक मणी घेऊन देवीच्या पदराची किनार तेवढी सजव. चेहऱ्याला आणि हातांना काही लावू नकोस.

घरातल्या जुन्या फोटोंचंही तसंच. आजोबांचा टोपीतला फोटो असेल तर मूळ फोटोला कधी डिंक लावायचा नाही. त्याची प्रत काढ. कागद नवाकोरा पांढरा दिसतो म्हणून कडक चहा उकळून गाळ, गार झाल्यावर कापसाने प्रतीवर फिरव आणि ताटात सपाट सुकव. चहातला तुरट अंश कागदाच्या तंतूंना धरतो, त्यामुळे जुन्या पत्रासारखा पिवळट रंग येतो. कडांना दुसरा हात दे, मध्ये नको. सुकल्यावर वर कापड टाकून इस्त्री फिरव.

आता फ्रेम. हिच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण एकदा फ्रेम जमली की आरसा, घड्याळ, ट्रे, दिव्याखालची चौकट सगळं जमतं, आणि त्या महागड्या सोनेरी आरशाचा हट्टही तुझा तुलाच सुटेल.

जाड खोकं घे, पाच थरांचं मिळालं तर उत्तम. चौकटीचे दोन तुकडे काप, एकाच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे. ते एकमेकांवर फेविकॉलने चिकटव आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेव. नळ्या आडव्या-उभ्या असल्या की पुठ्ठा वाकत नाही. एकाच दिशेने लावलेल्या चौकटी पहिल्या पावसातच पापडासारख्या वळतात. कापलेल्या कडांतून नळ्या दिसतात, त्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या फेविकॉल-पाण्यात बुडवून दोन थर लाव. पूर्ण सुकू दे.

आता तुझी मेंदी. फेविकॉलमध्ये खडूची बारीक पूड किंवा टाल्कम पावडर कालव, मेंदीइतकी घट्ट कर आणि कोनात भर. टोक मेंदीपेक्षा थोडं मोठं काप. चौकटीवर वेल काढ, कोपऱ्यात कुयरी, मध्ये मध्ये टिंबं. फार दाट भरू नकोस. नक्षीला श्वास घ्यायला जागा हवी, नाहीतर सोनेरी रंग लावल्यावर सगळा लगदा दिसतो. चोवीस तास सुकव. मग पूर्ण चौकट गडद तपकिरी किंवा काळ्या अ‍ॅक्रिलिक रंगाने रंगव, खाचाखोचांसह. ती सुकली की सोनेरी रंग ब्रशने लावू नको. बोटाच्या टोकावर थेंबभर घे, कागदावर पुसून बोट जवळजवळ कोरडं कर, आणि फक्त वर आलेल्या नक्षीवर हलकेच फिरव. खाचांत काळं राहिलं पाहिजे. त्या काळ्यामुळेच सोनं जुनं वाटतं. सगळीकडे चकचकीत सोनेरी केलंस तर ती बक्षीस-समारंभाची ढाल होईल.

तडे पडलेला जुना रंग हवा असेल तर त्याला वेगळं औषध विकत घ्यायला नको. खालचा गडद रंग सुकवून घे. त्यावर फेविकॉलचा थर दे. तो पांढरा ओला असताना नाही आणि पूर्ण सुकल्यावरही नाही, बोट टेकवलं की चिकट लागेल तेव्हा वरून फिका अ‍ॅक्रिलिक रंग लाव. एकाच दिशेने एकदाच ब्रश फिरव, मागे फिरून लावू नकोस. वरचा रंग आधी सुकून आकसतो, खालचा चिकट थर त्याला धरून ठेवू शकत नाही, आणि तडे पडतात. जाड थराला मोठे तडे, पातळ थराला बारीक जाळी. पंख्याखाली हे बघत बसणं फार छान असतं, मुलीला शेजारी बसव.

लाकडी डबा किंवा पॅलेटची फळी खरवडून जुनी करायची असेल तर आधी विचार कर की ती वस्तू रोज वापरली असती तर हात कुठे लागला असता. कडांना, कोपऱ्यांना, झाकणाच्या मुठीभोवती. तेवढ्याच जागी, खालचा गडद रंग सुकल्यावर, मेणबत्ती घास. मग पूर्ण वस्तूवर फिका रंग दे. सुकल्यावर पॉलिश पेपर त्या मेणाच्या जागांवर फिरव, रंग अलगद निघेल. फळीच्या मधोमध पॉलिश पेपर मारला की ते खोटं वाटतं, कारण कुणाच्याच घरात कपाट मधोमध झिजत नाही. घासताना नाकाला रुमाल बांध. बाजारात ‘चॉक पेंट’ महाग मिळतो. साध्या पांढऱ्या इमल्शनच्या तीन वाट्यांना एक वाटी पीओपी, थोड्या पाण्यात आधी कालवून, मिसळलंस की तसाच मंद, बिनचमकीचा रंग होतो. लागेल तेवढाच कर, तासाभरात तो घट्ट होतो.

पॅलेटचं लाकूड नवं पिवळं दिसत असेल तर एक जुना उपाय आहे. लोखंडी तारेची घासणी तोडून काचेच्या बरणीत टाक, वर पांढरं व्हिनेगर ओत आणि दोन दिवस ठेव. झाकण घट्ट लावू नकोस, त्यात वायू तयार होतो, फडकं बांध. लाकडाला आधी कडक चहाचा हात दे, सुकू दे, मग हे गाळलेलं व्हिनेगर लाव. चहाचा तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काही मिनिटांत लाकूड राखाडी-काळं होत जातं, पावसात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गोठ्याच्या दारासारखं. रंग लावल्यासारखं अजिबात वाटत नाही. हातमोजे घाल, आणि हे गॅलरीत कर.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. काचेच्या बाटलीला अ‍ॅक्रिलिक रंगात चमचाभर खायचा सोडा मिसळून दोन हात दिलेस की ती मातीच्या सुरईसारखी खरखरीत दिसते. क्रोशाचा जुना रुमाल अर्धं पाणी-अर्धं फेविकॉल यात बुडवून, प्लॅस्टिकने झाकलेल्या उलट्या वाटीवर पसरून सुकवला की त्याचीच वाटी होते, दारापाशी किल्ल्या ठेवायला. लाकडी धोटा मिळाला तर त्याला फक्त तेलाचा हात दे आणि खाली तीन हूक लाव. त्याला रंगवू नकोस, भिवंडीच्या कितीतरी कामगारांच्या हातांनी तो आधीच गुळगुळीत केलेला आहे. आणि गेरू विसरू नकोस. इतका स्वस्त आणि इतका देखणा रंग दुसरा नाही. फेविकॉल-पाण्यात कालवून पुठ्ठ्याच्या गोल थाळीला लाव, वर तांदळाच्या पिठीने चार वारली माणसं नाचव. वारलीचं हे चित्र आपल्याच भागातलं. पालघर २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना त्याच चित्रांसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. काढताना मनात तेवढा मान ठेव.

खरेदीला जाशील तर एकदाच आणि यादी घेऊन जा. मानकोलीच्या पुलावरून डोंबिवली आता जवळ आलीय, ठाण्याला जांभळी नाका आहे. बहुतेक सगळं तिथेच मिळतं. मणी, लोलक, लेस जास्त हव्या असतील तरच मुंबईला भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. तिथे डझनाच्या भावात मिळतं, म्हणून शेजारणीबरोबर वाटून घे. फेविकॉल, गडद तपकिरी, मळकट पांढरा आणि सोनेरी असे तीन अ‍ॅक्रिलिक रंग, दोन ब्रश, पॉलिश पेपर, गेरू, सुतळी. पाचशेच्या नोटेत बसतं. एमडीएफचे तयार आकार बघून भुलू नकोस, पुठ्ठा तुझ्याकडे आहे.

पण या सगळ्याआधी एक कर. हॉलमधली पांढरी ट्यूब बंद ठेवून एक पिवळसर एलईडी बल्ब लाव. खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो, २७०० किंवा ३००० बघून घे. साध्या पांढऱ्या ट्यूबचा आकडा ६५०० च्या आसपास असतो, त्या निळसर उजेडात कितीही मेहनतीची फ्रेम शाळेच्या प्रकल्पासारखी दिसते. पिवळ्या उजेडात तीच खुलते. जुन्या कंदिलात दिव्यांची माळ सोडायची असेल तर बॅटरीवरची सोड. कागद, सुतळी, गोणपाट यांच्याजवळ खरी ज्योत कधीही नको, सुताच्या कोनांचे दिवे केलेस तर त्यातही एलईडीच.

आपल्याकडे खाडी जवळ, हवा दमट. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुठ्ठ्याचं काम हातात घेऊ नकोस, आतून सुकत नाही आणि बुरशी धरते. पिठाची खळ वापरू नकोस, ती कसर आणि झुरळं खातात. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालायचे ते त्याचसाठी, पण तो विषारी, लहान मुलांच्या घरात नको. तयार वस्तूला वॉर्निशचे दोन हात दे, मागच्या बाजूलाही. मागची बाजू सगळ्या विसरतात आणि ओल तिथूनच शिरते. बाहेरच्या भिंतीला पुठ्ठ्याची फ्रेम टेकवून लावू नकोस, मागे चार कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटव म्हणजे हवा खेळेल.

आणि हे मात्र मी दटावून सांगते. खऱ्या जुन्या वस्तूला जुनेपणाचा रंग लावायचा नाही. सासूबाईंचा पितळी डबा, सागवानी पाट, चिनीमातीची बरणी, आजीची पत्र्याची ट्रंक, यांवर चॉक पेंट फासलेले व्हिडिओ बघून माझा जीव तुटतो. पितळेला चिंच आणि मऊ कापड पुरे, सागाला तेलाचा हात पुरे. सासूबाईंनी एखादी वस्तू तुझ्या हॉलमध्ये ठेवायला दिली, तर तीच मध्यभागी ठेव आणि तू केलेलं सगळं तिच्या बाजूने मांड. तुझ्या पुठ्ठ्याच्या फ्रेमलाही त्या शेजाराने वजन येतं. त्यांनाही बरं वाटेल, आणि घर दोघींचं होईल.

संपूर्ण हॉल एकदम करायला घेऊ नकोस. सोफ्यामागची एक भिंत घे. एक देवीचं चित्र, एक आजोबांचा फोटो, एक फळी, बस्स. ऑक्टोबरच्या कडक उन्हात सगळं खडखडीत सुकतं, दिवाळीच्या आधी हातात वेळही असतो. तोवर पुठ्ठे सपाट करून पलंगाखाली ठेव, आणि पुढच्या वेळी माहेरी गेलीस की आईला तिच्या ट्रंकेतले क्रोशाचे रुमाल माग. मागून घे हं, तिला विचारल्याशिवाय एकालाही कात्री लावू नकोस.